रोड बाईकची चाकं बदलू का? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲल्युमिनियमची रोड बाईक, काही वर्षं चांगली वापरलेली, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, रबर घासून लागणारा), मागे नऊ स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच). चाकं बाईकबरोबर आली तीच, जोडी मिळून दोन किलोच्या आसपास, टायर २५ मिमीचे आणि तेही कंपनीनेच दिलेले. तुम्ही आणि बाईक मिळून ८५ किलो, सपाटीला ग्रुपबरोबर २८-३० चा वेग, अधूनमधून एखादा मोठा चढ. ग्रुपमधले म्हणतायत ५० मिमी खोल रिमची कार्बन चाकं टाक, बाईक उडायला लागेल. टाकू का?

सरळ उत्तर आधी देतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. आत्ता चाकं नको. टायर आणि ट्यूब बदला, आणि आहेत ती चाकं नीट तपासा. तपासणीत रिम किंवा हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) संपलेला निघाला तर चाकं घ्यावीच लागतील, पण तेव्हाही ५० मिमी कार्बन नाही, जरा रुंद रिमची, पुरेशा स्पोकची ॲल्युमिनियमची. आता हे का ते सांगतो, लांबणार आहे. चाकं बांधणं आणि आउट काढणं (डुलत फिरणारं चाक सरळ करणं) हा माझा रोजचा उद्योग आहे आणि स्वतः पण चालवतो, त्यामुळे बोलायला बसलो की आवरत नाही.

आधी वजनाचं भूत उतरवू. फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असतं हे तुम्ही ऐकलं असेलच, काही जण तर चाकातले शंभर ग्रॅम म्हणजे फ्रेममधला किलो असंही ठोकून देतात. यात खरं एवढंच की रिमच्या कडेचं वजन पुढेही जातं आणि त्याच वेळी गोलही फिरतं, त्यामुळे वेग वाढवताना त्याला ढोबळमानाने दुप्पट ऊर्जा लागते. दुप्पट, दहापट नाही. आणि तेही फक्त वेग वाढवताना, एकदा वेग धरला की फिरणारा ग्रॅम आणि फ्रेममधला ग्रॅम सारखाच. हिशोबच करा ना. ८५ किलो उभ्या जागेवरून ताशी ३६ किमीपर्यंत न्यायला साधारण ४२५० ज्यूल लागतात. तुम्ही जोडीत अर्धा किलो वाचवला, आणि तो सगळा रिमच्या कडेलाच वाचला असं धरलं (प्रत्यक्षात तसं नसतं, बरंचसं हबमधून पण जातं), तर दुप्पट धरून वाचले ५० ज्यूल. २०० वॉटने पॅडल मारणाऱ्याला हे पाव सेकंदाचं काम झालं.

चढावर तर दुप्पट-बिप्पट काही नाही, वजन ते वजन. दहा किलोमीटरचा ७ टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे ७०० मीटर उंची. अर्धा किलो ७०० मीटर वर न्यायला साधारण ३४०० ज्यूल, म्हणजे २०० वॉटला सतरा सेकंद. पाऊण तासाच्या वर चालणाऱ्या चढात सतरा सेकंद. अर्धा लिटरची भरलेली बाटली पायथ्याशी रिकामी केलीत तरी एवढेच वाचतात. शर्यतीत, तुमच्याच ताकदीचा माणूस शेजारी असताना, सतरा सेकंद म्हणजे सगळं काही, हे मान्य, पण रविवारच्या राईडला त्यासाठी एवढा खर्च करायचा का हे तुम्ही ठरवा.

मग हलकी चाकं लावल्या लावल्या बाईक पळायला लागली असं सगळे का सांगतात, खोटं बोलतात का? नाही, त्यांना खरंच तसं जाणवतं. पण काय होतं की नवीन चाकं येतात तेव्हा त्यांच्याबरोबर नवे टायर पण येतात, ताज्या ग्रीसचं बेअरिंग येतं, सारख्या ताणाचे स्पोक येतात, बऱ्याचदा नवी कॅसेट येते, आणि फ्रीहबचा (हबचा कॅसेट बसते तो भाग) आवाज वेगळा येतो तो वेगळाच. उभं राहून पॅडल मारताना चाक ब्रेकच्या रबराला घासत नाही, हँडल वळवलं की पुढचं चाक लगेच वळतं. हे सगळं मिळून जे वाटतं त्याचं श्रेय जातं रिमच्या वजनाला. कधी उलटं करून बघा, तीच जुनी चाकं, आउट काढून, हब उघडून ग्रीस करून आणि त्यावर उत्तम टायर चढवून, न सांगता कोणाला तरी चालवायला द्या. बहुतेक जण विचारतात चाकं कुठली टाकलीस.

आता हवा. खोल रिमचा खरा फायदा इथे आहे आणि तो खरा आहे, त्यात वाद नाही. सपाटीला ३० च्या पुढे तुमच्या ताकदीचा मोठा भाग हवा कापण्यातच जातो, आणि त्यातला बहुतेक तुमच्या अंगामुळे, बाईकचा वाटा कमी, त्यात चाकांचा अजून कमी. जाहिरातीत जे आकडे असतात ते ४५ च्या वेगाचे असतात हे बघितलंय का कधी? हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ४५ ला एखादं चाक १५ वॉट वाचवत असेल तर ३० ला ते वाचवतं साडेचारच्या आतबाहेर. आणि हे तुम्ही एकटे पुढे असताना, ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे बसलात की त्यातलंही कमी होतं. त्यापेक्षा हूड्सवरून (ब्रेकच्या मुठींवरून) हात काढून ड्रॉप्सला (हँडलच्या खालच्या वाकाला) धरून कोपर वाकवले तर ३० च्या वेगाला दहा-पंधरा वॉट सहज सुटतात, आणि फडफडणारी जर्सी बदलून अंगाला बसणारी घातली तर अजून काही. हे फुकटातलं आधी घ्या. अर्थात जो एकटा ३८-४० ने तासभर चालवतो, टाइम ट्रायल करतो, ट्रायथलॉन करतो, त्याचं गणित पूर्ण वेगळं, त्याने खोल चाकं घ्यावीत आणि खुशाल घ्यावीत.

एक बारीकसा मुद्दा, कारण कोणीतरी काढेलच: हळू चालवणाऱ्याचे वॉट कमी वाचले तरी तो रस्त्यावर जास्त वेळ असतो म्हणून ठरावीक अंतराला त्याचे सेकंद फार कमी होत नाहीत. बरोबर आहे. पण दोन-अडीच तासांच्या राईडला मिनिट-दीड मिनिट, आणि मध्ये ग्रुप चहाला थांबतो त्यात ते जातं.

आता मला सगळ्यात जास्त जिथे बोलायचंय तिथे येतो, टायर. बाईकबरोबर जे टायर येतात ते टिकाऊ असतात, जाड रबर, आत तारेची कड, वजन साडेतीनशे ग्रॅमपर्यंत, आणि लोळताना ते भरपूर ताकद खातात. टायर रस्त्याला टेकतो तिथे दर फेरीत दबतो आणि परत फुगतो, या दबण्या-फुगण्यात रबर जी ऊर्जा गिळतं तिला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. जाड, कडक टायर जास्त गिळतो, पातळ आणि लवचिक कमी. आकड्यात सांगायचं तर साध्या टायरचा गुणांक ०.००७ धरा, चांगल्या रेसिंग टायरचा ०.००४. ८५ किलोला, ३० च्या वेगाला, पहिला खातो ४८-४९ वॉट, दुसरा २८. वीस वॉटचा फरक! ३० च्या वेगाला खोल कार्बन चाकं साडेचार देत होती ना? हे वीस. आणि हे ग्रुपच्या मागे बसलं तरी मिळतात, चढावर पण मिळतात (वेग कमी असल्यामुळे कमी, पण मिळतात), वाऱ्याशी काही देणंघेणं नाही.

आणि वजनाचं वेड असेल तर तेही इथेच भागवा. सव्वादोनशे ग्रॅमचा फोल्डिंग टायर घेतला तर एका चाकात सव्वाशेच्या आसपास वाचतात, साधी ब्युटाइल ट्यूब शंभर ग्रॅमची असते, टीपीयूची (पातळ प्लास्टिकसारख्या पदार्थाची) चाळीसच्या आत येते, म्हणजे जोडीला साडेतीनशेच्या वर गेले, आणि हे वजन रिमच्याही बाहेरचं, अगदी कडेचं. चाकं बदलून जेवढे ग्रॅम वाचणार होते त्याच्या जवळपास आलातच की, आणि खर्च चाकांच्या मानाने किरकोळ. कॉन्टिनेंटलचा ग्रां प्री ५०००, व्हिटोरियाचा कोर्सा, श्वाल्बेचा प्रो वन, असे कुठलेही घ्या, यात एकमेकांत दोन-तीन वॉटचा फरक असेल, त्यावर भांडत बसू नका. हे टायर लवकर झिजतात आणि काचेला जरा जास्त घाबरतात, ती किंमत मोजावी लागते. लॅटेक्स ट्यूब पण मस्त पळते पण रात्रभरात हवा सोडते, रोज सकाळी पंप करायची तयारी असेल तरच. आणि तुमचा रिम ब्रेक आहे म्हणून एक सूचना, काही टीपीयू ट्यूबच्या खोक्यावर फक्त डिस्क ब्रेकसाठी असं छापलेलं असतं कारण लांब उतारावर ब्रेक दाबून रिम तापते, ते वाचूनच घ्या.

हवा किती भरता तेही सांगा. ११०-१२० पीएसआय भरत असाल (बरेच जण भरतात, कडक टायर म्हणजे जोरात जाणारा टायर असं डोक्यात बसलेलं असतं) तर खडबडीत रस्त्यावर तुम्ही स्वतःलाच ब्रेक लावताय. टायर दबत नाही म्हणून अख्खी बाईक आणि तुम्ही प्रत्येक खड्ड्यागणिक उडता, ती ऊर्जा तुमच्या अंगातच जिरते, हाताला मुंग्या येतात त्या त्याच्याच. तुमच्या वजनाला २५ मिमीच्या टायरमध्ये मागे ऐंशी-पंच्याऐंशीपासून सुरुवात करा, पुढे चार-पाच कमी, टायरवर छापलेल्या किमान-कमाल आकड्याच्या आतच राहून, आणि मग तुमच्या रस्त्याप्रमाणे दोन-दोनने वरखाली करत बघा.

टायर झाले. आता चाकं तपासा, कारण चाक बदलायचं खरं, न टाळता येणारं कारण इथे सापडतं आणि रिम ब्रेकवाल्यांना तर हे यावंच. चाक काढा, रिमची ब्रेक घासते ती पट्टी फडक्याने स्वच्छ पुसा. बऱ्याच रिमवर झिजेची खूण असते, एक बारीक खळगा किंवा गोलाकार चर, तो दिसेनासा झाला असेल तर रिम संपली, विषय संपला. खूण नसेल तर स्टीलची पट्टी घ्या, तिची कड रिमच्या ब्रेकच्या पट्टीवर आडवी टेकवा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला तर धातू झिजून खोलगट झालाय. जरासा असेल तर चालतं, लक्ष ठेवा, पण बोट फिरवून खळगा स्पष्ट लागत असेल तर ते चाक वापरू नका, कारण आतून टायरची हवा रेटत असते आणि पातळ झालेली भिंत एक दिवस उतारावर फाकते, आणि ती फाकताना आधी सांगून फाकत नाही. पावसात, चिखलात चालवणाऱ्याची रिम किती लवकर जाते हे बघून लोक दचकतात, रबरात अडकलेली वाळू रिमला कानशीसारखी घासते.

मग मागचं चाक घ्या, चेनच्या बाजूचे निपल (स्पोकच्या टोकाचे छोटे नट) जिथे रिममध्ये जातात तिथे टॉर्च धरून एकेक भोक बघा. भोकाभोवती केसासारखी रेघ, किंवा रिम तिथे जराशी फुगून वर आल्यासारखी दिसली तर ती तडा जायची सुरुवात. नंतर अंगठा आणि बोटात दोन-दोन स्पोक धरून दाबत जा, चेनच्या बाजूचे सगळे साधारण सारखे ताठ लागले पाहिजेत, दुसऱ्या बाजूचे त्यांच्यापेक्षा सैल असणारच, मागच्या चाकाची ठेवणच तशी असते. नखाने छेडले तर एका बाजूचे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. एखादा ठप्प वाजला तर तो सैल. तुमचे स्पोक वरचेवर तुटत असतील, तेही मागचे, चेनच्या बाजूचे, हबच्या वळणापाशी, तर दर वेळी एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही. कारखान्यात ताण कमी ठेवून बांधलेल्या चाकात दर फेरीला स्पोक सैल-ताठ होतो आणि धातू थकतो. एक तुटतो तेव्हा बाकीचे पण रांगेत असतात. अशा वेळी रिम चांगली असेल तर सगळे स्पोक नवे टाकून नीट ताणाने, चेनच्या बाजूला १०० ते १२० किलोच्या आसपास (रिमच्या मर्यादेत), परत बांधून घेता येतं.

हबचं सोपं आहे. चाक बाईकमध्ये बसवून वरून टायर धरून आडवं हलवा, खडखड लागली तर बेअरिंग ढिलं आहे. चाक काढून ॲक्सल बोटांनी फिरवा, वाळू दळल्यासारखं लागलं किंवा ठरावीक जागी अडकल्यासारखं झालं तर कोन-कपला (बेअरिंगच्या गोळ्या ज्यांवर फिरतात त्या भागांना) खड्डे पडलेत. कोन-कपचा हब असेल तर गोळ्या आणि ग्रीस बदलून, कोन नीट बसवून तो कितीही वर्षं चालतो, कप सलामत असेपर्यंत. बंद कार्ट्रिज बेअरिंग असेल तर ते बाहेर ठोकून नवं बसवायचं. सिरॅमिक बेअरिंगच्या नादी लागू नका, चांगल्या स्टील बेअरिंगमध्ये आणि त्यात जो फरक आहे तो एवढासा आहे की वॉटमध्ये मोजायची लाज वाटावी.

आता धरून चालू की तपासणीत रिम गेलेली निघाली, किंवा सगळं ठीक आहे पण तुम्हाला चाकं घ्यायचीच आहेत. काय बघायचं?

पहिलं, तुमची पुढची बाईक कुठली असेल. हे कोणी विचारतच नाही. चाकं काय, पुढच्या बाईकलाही लावता येतील, असं म्हणून लोक मनाची समजूत घालतात. पण तुमची बाईक रिम ब्रेकची, मागचं हब १३० मिमी, क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा). पुढची बाईक घ्याल ती जवळपास नक्कीच डिस्कची, थ्रू ॲक्सल (हबमधून आरपार जाणारा जाड दांडा), मागे १४२ मिमी. आज घेतलेली रिम ब्रेकची भारी चाकं त्यात बसणार नाहीत, कुठल्याच जुगाडाने नाही. म्हणून मी रिम ब्रेकच्या बाईकवर कार्बन चाकं घ्या असं आता सहसा सांगत नाही. वरून कार्बन रिमवर ओल्यात ब्रेक उशिरा लागतो, रबर खास वेगळं लागतं, आणि लांब उतारावर ब्रेक धरून ठेवायची सवय असेल तर रिम तापून खराब होऊ शकते. ॲल्युमिनियमच्या रिमला यातलं काहीच नाही. डिस्कवाल्यांना हे प्रश्न नाहीत, रिम झिजतही नाही, त्यामुळे त्यांनी कार्बनचा विचार करणं जास्त पटतं.

दुसरं, रुंदी. वजनाच्या आधी रुंदी बघा. जुन्या चाकांची आतली रुंदी बहुतेक १५ किंवा १७ मिमी असते, आता १९ ते २१ सर्रास मिळते. आतून दर एक मिमी रुंदी वाढली की तोच टायर साधारण ०.४ मिमी जास्त फुगतो, म्हणजे तुमचा २५ चा टायर १५ च्या रिमवरून १९ च्या रिमवर गेला की साडेसव्वीसच्या पुढे जातो, हवा कमी भरता येते, वळणावर टायर बाजूला कमी झुकतो, हात कमी दुखतात. मला विचाराल तर नव्या चाकातला तुम्हाला रोज जाणवणारा फरक हाच. पण फ्रेममध्ये जागा हवी. ४ मिमीची ॲलन की घ्या आणि टायर फुगवून ती टायर आणि फोर्कच्या मध्ये, मागे चेनस्टेपाशी (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांपाशी), वर ब्रेकच्या खाली सरकवून बघा, सगळीकडून मोकळी गेली पाहिजे. आणि आत्ताच जेमतेम जात असेल तर जास्त फुगणारा टायर कुठे मावणार? रिम बाहेरून रुंद झाल्यामुळे ब्रेकचे हातही जास्त उघडावे लागतात, जुन्या कॅलिपरमध्ये कधी कधी ते पुरत नाही, तेही आधी बघा.

खोल रिमवाल्यांसाठी रुंदीचं अजून एक: चाकं बनवणाऱ्या झिप कंपनीत काम केलेले जॉश पोर्टनर यांचा १०५ टक्क्यांचा नियम प्रसिद्ध आहे, रिमची बाहेरची रुंदी फुगलेल्या टायरच्या मोजलेल्या रुंदीच्या किमान १०५ टक्के हवी, नाहीतर टायरवरून आलेली हवा रिमला परत चिकटत नाही आणि खोलीचा फायदा पाण्यात जातो. अरुंद खोल रिमवर २८ चा टायर लावून एअरो एअरो करणारे मी रोज बघतो, आनंद आहे.

तिसरं, स्पोक किती आणि कसले. तुमच्या वजनाला पुढे २०-२४, मागे २४-२८ निवांत चालतील. नव्वदच्या वर वजन असेल, रस्ते खराब असतील, सामान बांधून लांब जायचं असेल तर मागे २८ किंवा ३२ घ्या आणि दोन-चार ग्रॅमसाठी रडू नका. मी तर जमेल तिथे हबपाशी वाकडा असलेला साधा जे-बेंड स्पोक, पितळी निपल आणि मध्ये पातळ केलेला डबल बटेड स्पोक हेच सुचवतो, कारण दहा वर्षांनी पण मिळेल. विशिष्ट लांबीचा, विशिष्ट डोक्याचा, फक्त त्याच कंपनीकडून मिळणारा स्पोक राईडच्या आदल्या दिवशी तुटला की दोन महिने बाईक भिंतीला. हाताने बांधलेली ॲल्युमिनियमची जोडी सोळाशे-सतराशे ग्रॅमला आरामात होते, तुमच्या दोन किलोपेक्षा तीन-चारशे ग्रॅमने हलकी.

चौथं, फ्रीहब. तुमची कॅसेट नऊ स्पीड आहे, नवी चाकं बहुतेक शिमानोच्या ११ स्पीड फ्रीहबची येतील. अडचण नाही, आत १.८५ मिमीचा स्पेसर टाकला की नऊची बसते, आणि उद्या ११ वर गेलात, शिमानोच्या १२ स्पीड रोडवर गेलात तरी हाच फ्रीहब चालतो. स्रॅमच्या दहा दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला मात्र एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो, घेताना नीट बघा. फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर सुट्या दातांची स्वस्त कॅसेट त्यात खाचा पाडते, पुढे ती काढताना घाम फुटतो.

ट्यूबलेसबद्दल फार लिहीत नाही. रुंद टायर आणि काट्याकुट्यांचे रस्ते असतील तर उत्तम, २५ मिमीला एवढा खटाटोप मी स्वतः करत नाही. फक्त हुकलेस रिम (टायरची कड धरून ठेवणारा आतला हुक नसलेली) घेत असाल तर नियम पाळा: फक्त ट्यूबलेस टायरच, हवा ५ बारच्या म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर नाही, आणि रिम कंपनीच्या यादीत तुमचा टायर आणि त्याची रुंदी आहे का ते बघून. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू थॉमस डी गेंट पडला आणि त्याचा टायर हुकलेस रिमवरून सुटला, तेव्हापासून यावर जो गदारोळ झाला तो उगाच झाला नव्हता. तुमच्या वजनाच्या माणसाला २५ च्या टायरवर हवा जास्त लागते, त्यामुळे हुक असलेलीच रिम घ्या, डोक्याला ताप नको.

आणि तरी कार्बनच घ्यायची असतील, दिसतात भारी, चालवताना वूं वूं आवाज येतो, मनाला बरं वाटतं, तर घ्या की. हौस हे कारण मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्याला वॉटचं नाव देऊ नका. घेताना वजनाची मर्यादा, हवेची मर्यादा, स्पोक सुटे मिळतात का, आणि रिम आपटून फुटली तर कंपनी काय देते हे लेखी बघा. आणि पुढे खूप खोल नको, आडवा वारा हँडल पकडून ओढतो, हलक्या माणसाला जास्त, पुढे ३५-४० आणि मागे ५० अशी जोडी शहाणपणाची. ट्रक शेजारून गेला की काय होतं ते एकदा अनुभवलं की पटतं.

शेवटी नवी चाकं आलीच तर बसवताना: ब्रेकचं रबर नव्या रुंदीला परत लावा, केबलचा ताण बघा, मागचा डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) परत जुळवा आणि विशेषतः मोठ्या दातापाशी लिमिट स्क्रू (डिरेलर किती दूर जाईल ते ठरवणारा) तपासा, कारण दोन हबमध्ये कॅसेटची जागा केसभर इकडेतिकडे असते आणि तेवढ्याने पण डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो. जुन्या घासलेल्या चेनवर नवी कॅसेट टाकलीत तर चेन उड्या मारू शकते, दोन्ही एकदम बदला. पहिल्या काही राईडनंतर चाकं परत दाखवून आणा, नवे स्पोक थोडे बसतात, एकदा ताण सारखा करून घेतला की मग लांबचं बघणं नाही. जुनी जोडी रिम चांगली असेल तर पावसाळ्याला आणि ट्रेनरला ठेवा, झिजलेली निघाली असेल तर हब काढून घ्या आणि रिम भंगारात द्या, कोणाला फुकट पण देऊ नका, तो माणूस ती बाईकला लावतोच.

पट्टी आणि टॉर्चची तपासणी करून काय दिसलं ते कळवा, आणि चेनस्टेपाशी ४ ची की जाते का ते पण, मग नेमकी कुठली रुंदी घ्यायची ते सांगता येईल.